प्रभावतीनं गोड सोडलं

मुंग्यांना सगळ्यात आधी कळलं. घरातल्या माणसांना कळायला अजून बराच अवकाश होता.

झुंजुमुंजू झालं की प्रभावती उठायची आणि पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या मोरीकडं जायची. तिथं दगडांच्या सांदीत काळ्या मुंग्यांची रांग लागलेली असायची. आता गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरात मुंग्यांचं कसलं आलंय नवल? दुकानात मुंग्या, कोठीत मुंग्या, धोतराच्या घडीत मुंग्या. पण मोरीत गूळ कोण सांडणार? जिथं ती हल्ली सारखी लघवीला जायची, नेमक्या तिथंच त्या जमायच्या. घर जैनाचं. चुकून मुंगीवर पाय पडला तरी माणसं दिवसभर हळहळायची. म्हणून ती आधी मऊ फडक्यानं जमतील तेवढ्या मुंग्या बाजूला सारायची, हात जोडायची, आणि सासू उठायच्या आत उरलेल्यांवर तांब्या ओतायची. तिला पाचवा महिना लागला होता, आणि तिचा रोजचा दिवस असा पापानं सुरू होत होता.

शाहू महाराजांना गादीवर येऊन वीस वर्षं होत आली होती, तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापुरातल्या पेठेत अण्णासोंचं गुळाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक दार. प्रभावती कुरुंदवाडाकडची. तेराव्या वर्षी ती अण्णासोंच्या नेमिनाथची बायको होऊन त्या दाराच्या आत आली. नेमिनाथ स्वभावानं गरीब, आणि बापापुढं तर त्याच्या तोंडातून ब्र निघायचा नाही. सासू अक्काताई कडक, पण मनानं वाईट नव्हती. तिनं सुनेला कधी उपाशी ठेवलं नाही. उलट तिनं जरा उपाशी ठेवलं असतं तर फार बरं झालं असतं, पण ते पुढं येईल.

पहिल्याच दिवाळीत पुरणाला गूळ फोडताना प्रभावतीनं एक खडा तोंडात टाकला आणि सहज बोलून गेली, "ह्यो खारवट रानातला दिसतोय." दाराशी उभ्या अण्णासोंनी ते ऐकलं. तो माल त्यांनी स्वतः पारखून एक नंबरचा म्हणून घेतला होता. त्यांनी चौकशी केली तर खरंच, नदीकाठच्या पाणथळ, मीठ फुटलेल्या रानातला ऊस निघाला. म्हातारा रागावला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं प्रत्येक मालाचा तुकडा पितळी ताटलीत घालून मधल्या दारातून आत पाठवायला सुरुवात केली.

तेव्हापासून बारा वर्षं तोच क्रम. हंगाम लागला की गाड्या यायच्या, गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, उतरायचे, ताटली आत जायची. प्रभावती तुकडा जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि दारामागनं नवऱ्याला सांगायची, "चुना ज्यादा पडलाय." "रस आटवताना कायलीला खाली लागलाय, करपट हाय." "ह्यो चांगला. ह्याला ठेवून घ्या." नेमिनाथ बाहेर जाऊन तसंच बोलायचा. शेतकऱ्यांनी तिला कधी बघितलं नव्हतं. पण सौदा अडला की पेठेतली माणसं हसत म्हणायची, "अण्णासोंच्या मधल्या दाराला इचारा की!"

ह्या जिभेनं तिला घरात जागा मिळवून दिली होती. ती जागा तिला लागणारच होती, कारण तिची कूस भरायची आणि रितीच व्हायची. पहिला मुलगा झाला तो सुईणीच्या दोन हातांत मावेना एवढा मोठा. बायका म्हणाल्या, काय गुटगुटीत पोर! ते पोर रडलंच नाही. दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात पोट एकाएकी गप्प झालं. दुसऱ्या घरात एवढ्यावर सवत आली असती. इथं तिला कुणी घालून-पाडून बोललं नाही. मात्र पहिला नातू गेला तेव्हा अक्काताई बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, गेली आणि भगवंतापुढं तिनं जन्माचं तूप सोडलं. तेव्हापासून तिच्या भातावर तुपाचा थेंब पडला नव्हता, आणि आग्रह करायची घरात कुणाची छाती नव्हती. घेतलेला नियम मोडायला लावणं म्हणजे त्या घरात चोरीपेक्षा मोठं पाप.

आता हे तिसरं होतं. आणि ह्या वेळी प्रभावतीला तहान लागायची ती घागरभर पाणी प्यायलं तरी भागायची नाही. भूकही तशीच. खायची आणि वाळायची. अक्काताईला एकच उपाय ठाऊक होता. "पोरगी वाळत चाललीया," असं म्हणत ती डिंकाचे लाडू वळायची, गुळाचा सांजा करायची, दुधात काकवी ओतायची आणि समोर बसून संपवायला लावायची. माया कधीकधी अशी डोळे मिटून येते आणि समोरच्याला चिरडून जाते.

एकदा वैद्य आणला. त्यानं नाडी बघितली, चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, हा मधुमेह, गूळ-साखर बंद करा. एवढं सांगून थांबला असता तर देवमाणूस ठरला असता. पण पुढं म्हणाला, "औषधाची पूड जुन्या मधातून द्या." मध! ज्या घरात मद्य-मांसाच्या रांगेत मध बसतो, त्या घरात! अण्णासोंनी हात जोडून त्याला उंबऱ्यापर्यंत पोचवलं. मधाबरोबर त्याचं सगळंच बोलणं उंबऱ्याबाहेर गेलं, आणि दुपारी पुन्हा लाडू आला.

खरं ओळखलं ते अमीरबीनं. अमीरबी पेठेतली सुईण. बाळंतपणात जातपात बघायला कुणाला सवड असते? प्रभावतीच्या दोन्ही वेळा तीच होती. सरकारी दवाखान्यात नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखालीही ती काम करायची. एके सकाळी ती पोट बघायला म्हणून जरा लवकरच आली आणि मोरीतली रांग तिच्या नजरेला पडली.

"ह्या मुंग्या कवापासनं येत्यात गं?"

प्रभावतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "दिवाळीपासनं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. इतके दिवस एकटीनं धुतलेली गोष्ट आज दुसऱ्या कुणीतरी बघितली होती.

अमीरबीनं लघवी एका बाटलीत घेतली आणि शालीखाली लपवून नेली. तिसऱ्या दिवशी परतली ती तोंड पाडून. "बाईंनी निळ्या औषधात घालून उकळलं. विटकरी झालं बघ. लघवीतनं साखर जातीया." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि अक्काताईला म्हणाली, "वैनी, हिचं गोड बंद करा. डॉक्टरीणबाईंचा सांगावा हाय."

अक्काताईनं भाकरी थापता थापता मान वर केली. "गर्भारशीचं गोड बंद करू? आणि ते बी ह्या घरात? उद्या पेठ म्हणंल, अण्णासोंच्या गुळानं सून आजारी पडली. त्यापरास दुकानाला कुलूप घालतो की."

"मग हिला दवाखान्यात तरी धाडा."

"पोटुशी बाई दवाखान्यात जाती व्हय कुठं? जा तू."

जाता जाता अमीरबीनं मोरीकडच्या आडोशाला प्रभावतीच्या हातात एक इवलीशी बाटली ठेवली. आत बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या, मसुरीच्या डाळीएवढ्या.

"ऐक नीट. ही दवा न्हवं. ह्यानं रोग जात न्हाय. ह्यात साखर न्हाय, पर लागती गोड. निस्ती जीभ फसती. खरी दवा म्हंजे गोड न खाणं. भात कमी कर, भाकरी, भाजी, ताक घे. आणि बाई म्हणल्यात, पोटातल्या लेकराला ह्या गोळीचं काय हुतंय ते अजून कुणी लिवून ठेवलेलं न्हाय. तवा अर्ध्या गोळीच्या वर जाऊ नगंस."

"किती गोड असतीया?"

"गुळापरास शेकड्यांनी पट गोड, असं म्हणल्यात बाई."

प्रभावतीनं बाटली डाळीच्या डब्यात खोल पुरली. तिला स्वतःला गोडाची हौस नव्हतीच. गूळ हे तिचं काम होतं, आणि कामाची हौस कितीशी राहते? तिला फसवायची होती ती सासूची जीभ. अक्काताई रोज तिच्या वाटीतला एक चमचा चाखून बघायची आणि गोड लागलं तरच पुढं सरकायची.

दुसऱ्या दिवशी प्रभावती म्हणाली, "आत्ती, गूळ जड पडतोय मला. साखरंची खीर करून घेती माझी मी." अक्काताईला बरं वाटलं, पोरीनं आपणहून काहीतरी मागितलं. प्रभावती सगळ्यांदेखत साखर मोजून घ्यायची आणि पाठ वळली की पुन्हा डब्यात ओतायची. दुधात मूठभर रवा, वेलदोडा आणि अर्धी गोळी. अक्काताई चमचा चाखायची, "झ्याक झालीया," म्हणायची आणि निर्धास्तपणे निघून जायची. लाडू ओच्यात बांधून गोठ्यात जायचे. त्या वर्षी गाय अशी अंगानं भरली की गवळी विचारायला लागला, पेंड कुठली घालता म्हणून.

महिना गेला. तहान उतरली. मोरीतली रांग विरळ झाली, आणि एके सकाळी तिथं चारच मुंग्या होत्या. तिनं त्या फडक्यावर घेऊन अलगद भिंतीवर सोडल्या. त्या दिवशी पाप घडलं नाही. पोटात बाळ फिरलं, आणि ह्या खेपेला पहिल्यांदाच तिला वाटलं की हे आपल्याजवळ राहील.

पण गोळीला एक शेपूट होतं. गोड सरलं की जिभेच्या मागं कडवट काहीतरी रेंगाळायचं. इतरांना ते कळलंही नसतं. प्रभावतीची जीभ मात्र बारा वर्षं नेमकं तेच शोधायला शिकलेली. म्हणून ती ताटली यायच्या खूप आधी खीर उरकायची आणि चुळा भरायची. एका सकाळी गाड्या लवकर आल्या. राधानगरीच्या वाटेवरचा एक शेतकरी, बाळासो, पहिल्यांदाच ह्या दुकानी माल घेऊन आला होता. खीर नुकती पोटात गेली होती. ताटली आली. तिनं तुकडा तोंडात ठेवला. कडवट. तिनं दुसरा ठेवला. कडवटच. आता गूळ कडू की तोंड कडू, हे तिचं तिलाच कळेना. थांबा म्हणावं तर का थांबायचं ते सांगावं लागलं असतं.

"करपलाय," ती दारामागनं म्हणाली.

बाहेर बाळासोचा आवाज चढला. "माझा गूळ करपलाय? माझ्या गुळाला आजवर कुणी नावं ठेवली न्हाईत, पावणं! आत कोण बसलंय, तेला भाईर काढा की. माझ्यासमोर खाऊन सांगूं दे." आत कोण बसलंय ते बाहेर येणं शक्य नव्हतं. बाळासोनं बैल वळवले आणि समोरच्याच दुकानात गाडी लावली. दुपारपर्यंत पेठभर झालं की असा सोन्यासारखा माल अण्णासोंनी हाकलला. मधल्या दाराची जीभ आता म्हातारी झाली, असंही कुणीतरी म्हणालं.

अण्णासोंनी उरलेला तुकडा स्वतः खाल्ला; त्यात करपटपणाचा मागमूस नव्हता. मग जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. दिवसाढवळ्या ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. फळीवर खिरीचं पातेलं होतं. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि वाट बघत थांबले, गूळ चाखताना थांबायचे तसे.

"गोड हाय. पर मागनं कडू का?"

अक्काताई गोंधळली. प्रभावतीला कळलं की आता लपवण्यात अर्थ नाही. तिनं डाळीचा डबा उपसला आणि बाटली जमिनीवर ठेवली. खाली मान घालून तिनं सगळं सांगितलं. मुंग्यांचं, निळ्या औषधाचं, अमीरबीचं. तिला आतून वाटत होतं की हे एकदा ऐकलं की माणसं समजतील.

अण्णासोंनी ऐकलं. रागावलेही नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "गुळापरास किती गोड म्हणालीस?"

"शेकड्यांनी पट."

म्हाताऱ्यानं बाटली उचलून उजेडात धरली. "अगं पोरी, जर गुळानं तुला ही पीडा झाली असंल, तर हे त्येच्या शेकड्यांनी पट इष झालं की! एका गोळीत गुळाचा आख्खा रवा खाल्लास तू, रोज!"

ज्यानं उभा जन्म माल गोडीवर पारखला, त्याला गोडी आणि गूळ ह्या दोन वेगळ्या गोष्टी कशा वाटाव्यात? प्रभावती म्हणाली, "त्यात साखर न्हाय, मामा." ते म्हणाले, "साखर न्हाय तर गोड कुठनं आलं?" ह्याचं उत्तर तिला ठाऊक नव्हतं. ते दवाखान्यातल्या बाईंना ठाऊक होतं, आणि त्या बाईंकडं जायला तिला वाट नव्हती. दोन नातवंडं मातीत घातली होती त्या म्हाताऱ्यानं. त्यानं बाटली नेऊन मोरीत उपडी केली. सकाळी स्वतः जाऊन बघितलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. "बघा. मुंगी बी शिवलेली न्हाय. मुंगी जे शिवत न्हाय ते माणसानं खायचं?" अमीरबीला बाळंतपणापर्यंत घरात पाऊल ठेवायची बंदी झाली.

आणि मग सगळी दारं लागली. अक्काताई आता स्वतःच्या हातानं घास भरवू लागली. पोरीनं महिनाभर फसवलं, म्हणून प्रत्येक घास गिळेपर्यंत ती नजर हलवायची नाही. घास गोड असायचा आणि प्रभावतीला तो निखाऱ्यासारखा वाटायचा. तिनं नवऱ्याजवळ पदर पसरला. नेमिनाथ भिंतीकडं बघत म्हणाला, "अण्णांच्या म्होरं मी काय बोलू, सांग." मोरीतली रांग पुन्हा दाट झाली. पोट भराभर वाढलं. शेजारची धोंडुबाई कौतुकानं म्हणाली, "काय पोट हाय गं! गुटगुटीत हुणार बघ." प्रभावतीनं पोटावर पदर ओढून घेतला. हा शब्द तिनं पूर्वी ऐकला होता. ती घाबरली होती, अगदी मनातून घाबरली होती, आणि ज्यांच्यापासून पळायचं ती माणसं तिच्यावर जीव टाकणारी होती. वैऱ्यापासून पळता येतं. मायेच्या माणसांपासून पळून जायचं कुठं?

सातवा लागला आणि डोहाळजेवणाचा दिवस ठरला. पाच सवाष्णी येणार, पाच ताटं, प्रत्येकीच्या हातून गोडाचा घास. आदल्या दिवशी माहेरहून तिची मावशी आली. जेवताना मावशीनं कौतुकानं अक्काताईच्या भातावर तूप वाढायला घेतलं. अक्काताईनं ताटावर आडवा हात धरला आणि हळूच म्हणाली, "माझा नियम हाय." मावशीचा चमचा तसाच मागं गेला. कुणी का विचारलं नाही, आग्रह केला नाही. ती तीन शब्दांची कडी प्रभावती पहिलं पोर गेल्यापासून ऐकत आली होती. तिचा हात भातातच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी बस्तीत दर्शनाला गेली. घराबाहेर पडायची तेवढीच काय ती मुभा होती. तिथले पुजारी, उपाध्ये, पूजा आवरत होते. ती म्हणाली, "मला गोडाचा त्याग करायचाय."

"किती दिवसांचा?"

बाळंत होईपर्यंत, असं ओठांवर आलं होतं. पण मुदतीच्या नियमाला घरची माणसं वाटा शोधतात. आज न्हाय उद्यापासनं धर, म्हणतील. डोहाळजेवण सरूं दे, म्हणतील. आणि हे पोटातलं तरी शेवटचं थोडंच होतं?

"जन्माचा," ती म्हणाली. "गूळ, साखर, काकवी आणि गोड म्हणून जे जे असंल ते."

उपाध्ये थबकले. "तू गुळाच्या घरची. सासऱ्यास्नी इचारलंस?"

"आत्तींनी तूप सोडताना कुणाला इचारलंतं?"

त्यांना हसू आलं आणि वाईटही वाटलं. मंत्र म्हणून त्यांनी तिला भगवंतापुढं हात जोडायला लावले. तेवढं करायला फार वेळ लागला नाही.

दुपारी ती हिरवं लुगडं नेसून, फुलांची वेणी घालून पाटावर बसली. उन्हं उतरायच्या आत जेवणं उरकायची होती. पहिला मान सासूचा. अक्काताईनं पुरणपोळीचा घास गुळवणीत बुडवून तिच्या तोंडाशी नेला. बायका गाणं म्हणत होत्या. प्रभावतीनं तोंडापुढं आडवा हात धरला.

"आत्ती, माझा नियम हाय. सकाळी बस्तीत घेतला. जन्माचा."

गाणं थांबलं. अक्काताईचा हात हवेतच राहिला, गुळवणी मनगटावरून ओघळली. अक्काताईचे डोळे आधी रागानं भरले आणि मग नुसतेच भरले. आपल्याच कुलपानं सुनेनं आपल्याला बाहेर ठेवलं, हे तिला पुरतं कळलं होतं. तिनं तो घास परत ताटात ठेवला. थोड्या वेळानं ती उठली आणि भाकरी घेऊन आली. तिच्यावर मेथीची भाजी होती.

मधल्या दारात अण्णासो उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते तसेच दुकानात परतले.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. सवयीनं ताटली दारातून आत आली आणि क्षणभरानं बाहेरूनच कुणीतरी ओढावी तशी परत गेली. नंतर ती कधीच आली नाही. अण्णासो आपल्या थकल्या जिभेनं माल पारखू लागले. दारामागं येऊन तिला कुणी काही विचारेना. तिला वाटलं होतं आपण सुटू. बाळापुरती ती सुटलीही होती. पण गूळ फुटल्याचा वास आला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि कारण नसताना ती दारापर्यंत जाऊन परत यायची. ज्या एका गोष्टीसाठी ते घर तिला मानत होतं, ती तिनं स्वतःच्या हातानं पुरली होती. आता ती चार सुनांसारखी सून होती, आणि घरातल्यांची नजरही तिच्या पोटावरच असायची. हेही गेलं तर तिच्याजवळ काय राहणार होतं?

अमीरबीनं बस्तीच्या वाटेवर तिला गाठलं आणि नवी बाटली पुढं केली. "ह्यात साखर न्हाय गं. घे. सणासुदीला तोंड तरी गोड हुईल."

"गूळ न्हाय, पर गोडच की ते," प्रभावती म्हणाली. "एका गोडाला वाट दिली की दुसरं मागनं येतंय." तिनं बाटली घेतली नाही.

मार्चमध्ये, भर दुपारी, अमीरबीला पळत बोलावणं गेलं. अण्णासोंनीच माणूस पाठवला. मुलगी झाली. बारीक, हातात सहज मावणारी. बाहेर यायच्या आधीच जणू भांडायला निघालेली, अशी किंचाळली की दुकानातले हमाल दचकले. "रडली, बाई, रडली!" असं म्हणत अक्काताईच ओक्साबोक्शी रडायला लागली. मुलगी की मुलगा हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. अण्णासोंनी पेठभर गूळ वाटला. आईच्या तोंडाशी तेवढा कुणी नेला नाही.

मुलीचं नाव रत्नाक्का ठेवलं. पुढं प्रभावतीला मूल झालं नाही. तहान कमी झाली, पण पुरती कधी गेली नाही. भाकरी, ताक आणि पालेभाजी एवढ्यावर ती काटक होऊन जगली. सणाला सगळ्यांना पोळी वाढताना ती स्वतःच्या ताटावर आडवा हात धरायची. आता त्या घरात असा हात धरणाऱ्या दोघी होत्या, आणि सासू-सुनेचं त्यानंतर कधी वाजलं नाही.

रत्नाक्का पाच वर्षांची झाली. दिवसभर ती आज्ज्याच्या मांडीवर दुकानात बसायची. एका सकाळी प्रभावती आत भाकरी थापत होती. बाहेरून लेकीचा आवाज आला.

"आज्जा, ह्यो खारट लागतोय."

अण्णासोंनी तोच खडा स्वतः चाखला. मग म्हातारा आनंदानं ओरडला, "प्रभावती! अगं आली की! तुझी जीभ आली ही!" हमाल हसले, नेमिनाथ हसला. बाहेर रत्नाक्का दुसरा खडा मागत होती आणि तो तिला मिळाला. भाकरी तव्यावर करपली तरी प्रभावतीचा हात हलला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं लेकीला उठवलं आणि मागच्या मोरीवर नेऊन लघवीला बसवलं. मग तिला आत निजायला पाठवून दिलं आणि स्वतः तिथंच दगडांपाशी उकिडवी बसली. पाण्याचा तांब्या तिनं आणलाच नव्हता. उन्हाची तिरीप सांदीपर्यंत आली. आतून अक्काताईनं दोनदा हाक मारली. अजून एकही मुंगी आली नव्हती, तरी ती उठेना.